गिअरबॉक्सचा टिळा

१

“ह्यो आपला गिअरबॉक्स न्हवं.”

आकाराम मिस्त्रीनं चिंधीला हात पुसत हे सांगितलं आणि गॅरेजात जमलेल्या सगळ्यांनी एकदमच तोंडं उघडली. सगळे एकदम बोलतात तेव्हा खरं कोण बोलतंय ते ऐकू येत नाही. पण सगळ्यांत मोठ्यानं कोण बोलतंय ते बरोबर कळतं. इरावतीबाई सरनोबतांनी तेवढं मनाशी टिपून ठेवलं. विमा कंपनीसाठी आदळलेल्या आणि जळालेल्या गाड्या तपासण्यात त्यांची उमर गेली होती. निवृत्त झाल्या, तरी माणूस समोर आला की आधी त्याच्या नावे काय आणि जमेला काय हे मांडायची खोड काही गेली नव्हती.

जीप होती त्यांच्या भाचीची, अनुजाची. अनुजा जनावरांची डॉक्टर. पन्हाळ्याच्या मागच्या अंगाला, जिथं डांबर संपतं आणि म्हशी सुरू होतात, तिथं तिचे सगळे पेशंट. म्हणून नव्या चकचकीत गाडीच्या नादाला न लागता तिनं दिवाळीनंतर चारी चाकं ओढणारी जुनी जीप घेतली. उद्यमनगरात आकारामकडून इंजिन आणि गिअरबॉक्स नव्यासारखे करून घेतले, मग जीप रंगाला दिली. रंगून आल्यावर आकारामनंच वायरिंग केलं. जीप अशी देखणी झाली की बघणाऱ्यानं थांबून विचारावं.

आणि गेल्या आठवड्यात अडलेल्या म्हशीसाठी धावत जाताना ऐन चढावर दुसरा गिअर आपसूक सुटला. जीप मागं घरंगळली. ब्रेक लागेपर्यंत मागचं चाक दरीच्या कडेला टेकलं होतं. अनुजा बॅग घेऊन उरलेला चढ पळत चढली. पोचली तेव्हा रेडकू पोटातच गेलेलं होतं. म्हैस तेवढी वाचली.

“म्हशीची मालकीण मला एक शब्द बोलली नाही, आत्या,” अनुजा म्हणाली होती. “बोलली असती तर बरं झालं असतं.”

आता उतरवलेला गिअरबॉक्स टेबलावर होता. झाकण काढलेलं, आतले दाते झिजून गोल झालेले.

“तूच बसवलास आणि तूच म्हणतोस आपला न्हवं?” हा सगळ्यांत मोठा आवाज श्रेयसचा. श्रेयस अनुजाचा मावसभाऊ आणि जुन्या जीपवाल्यांच्या क्लबचा सेक्रेटरी.

“मी नवे गिअर घातलेलं, दादा. जुन्या स्टॉकातला शेवटचा सेट. तुमीच हुता की बघायला. साऱ्या कोल्हापुरात दुसरा न्हाय त्यो.”

“म्हणजे तो विकलास आणि हिच्या गळ्यात हे भंगार बांधलंस! जीव गेला असता तिचा! रविवारी सगळ्या क्लबला इथंच आणतो. ह्या गॅरेजची पायरी कुणी चढायची नाही असा ठराव तुझ्या तोंडावर करतो.”

आकारामकडं जीपशिवाय दुसऱ्या गाड्या येतच नव्हत्या. जीप बंद म्हणजे शटर बंद. हे गॅरेजातल्या सगळ्यांना माहीत होतं.

इरावतीबाईंनी पर्समधून बॅटरी काढली. इंजिनावर नंबर असतो, चासीवर असतो, तो आरटीओच्या कागदावर चढतो; गिअरबॉक्स मात्र बेवारशी. त्याची ओळख पटवायला कागद उपयोगाचा नाही. म्हणून त्यांनी गिअरबॉक्सच्या तोंडात उजेड पाडला. हे तोंड इंजिनाला चिकटून बसतं. गाडीत असताना तिथं कुणाचं बोट पोचत नाही.

तिथं बोटभर लाल टिळा होता.

२

हळदीवर कुंकू, तेलात कालवून लावलेलं. त्यात रुतलेली झेंडूची एक वाळकी पाकळी आणि तांदळाचा एक दाणा. वरून क्लचच्या काळ्या भुकटीचा पातळ थर. आजूबाजूचं सगळं तोंड कुणीतरी डिझेलनं घासून लख्ख केलेलं होतं. टिळ्याभोवती मात्र ब्रश वळसा घेऊन गेला होता.

“झालं!” श्रेयसनं वाकून बघितलं आणि टाळी वाजवली. “खंडेनवमीची पूजा! हत्यारं आणि मशिनं कोण पुजतं? मिस्त्री! म्हणजे दसऱ्याला हा गिअरबॉक्स ह्याच्याच गॅरेजात उघडा पडलेला. ह्याचंच भंगार हे. आता बोल की!”

गोष्ट पटण्यासारखी होती. इरावतीबाईंनाही पटली. त्यांनी आकारामकडं पाहिलं. अशा वेळी चोर शपथा घेतो, आरडाओरडा करतो. आकाराम टेबलाची कड धरून उभा होता.

“औंदा आमच्यात खंडेनवमी झालीच न्हाय,” तो एवढंच म्हणाला.

“का? कॅलेंडर फाटलं?” श्रेयस म्हणाला.

क्लबचे दोघं हसले. आकारामनं गिअरबॉक्सवर फडकं टाकलं आणि आतल्या खोलीत गेला तो बाहेर आलाच नाही.

इरावतीबाईंनी तो दाणा नखानं सोडवून कागदाच्या पुडीत बांधला. बाहेर पडताना सवयीनं नजर फिरली. शेजारी लेथवाला, पलीकडं वेल्डिंगवाला, त्याच्या पुढं रेडिएटरवाला. सगळ्यांच्या चौकटीला दसऱ्याच्या तोरणाचे वाळके दोरे अजून लोंबत होते. आकारामची चौकट नागडी होती. गबाळा माणूस, असं त्यांनी त्याच्या नावे मांडलं आणि रिक्षात बसल्या.

कसबा बावड्यातल्या घरापर्यंत रिक्षा पोचली तरी मांडलेलं जुळेना. एवढा आळ येऊनही ज्याचा आवाज चढत नाही, त्याला नेमकं काय सलत असतं?

३

आधीचा मालक बाळासो पन्हाळ्याच्या पायथ्याला राहत होता. त्यानं इरावतीबाईंना बाजेवर बसवलं आणि चहाच्या आधी ताक दिलं.

“पावणं, माझी जीप म्हंजी माझी ल्येक हुती. पोरं इंजिनेरिंगला गेली, चालवायला कोण न्हाय, म्हून दिली.”

“दसऱ्याला कुठं होती?”

“हितंच की! खंडेनवमीला धुतली, हार घातला, नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी समद्यास्नी घालून दसरा चौकात गेलतो.”

“गिअरबॉक्स उतरवला होतात कधी?”

“माझ्या हयातीत न्हाय. आवाज करायचा, पर गिअर सोडत न्हवता. का हो, ताई? डॉक्टरीणबाईस्नी काय झालं न्हाय न्हवं?”

त्याचा चेहरा खरंच उतरला. इरावतीबाईंनी त्याला जमेच्या बाजूला बसवलं. त्याच्या नावे मांडावं असं काही नव्हतंच: मिस्त्रीनं गिअर बदलल्यावर आणि रंगाला द्यायच्या आधी अनुजानं जीप स्वतः आठवडाभर चालवली होती. तेव्हा गिअर लोण्यासारखे पडत होते. म्हणजे अदलाबदल झाली ती त्यानंतर.

त्यानंतर जीप दोनच ठिकाणी होती. रंगवाल्या सम्राटकडं आणि पुन्हा आकारामकडं.

सम्राटचं दुकान नवंकोरं. भिंतीवर क्लबचं चिन्ह केवढं तरी मोठं रंगवलेलं. तो स्वतःही दुकानासारखाच: केस विंचरलेले, हसू तयार.

“तुमच्या भाचीची जीप म्हणजे माझी बोहनी, मॅडम! संक्रांतीला दुकान उघडलं, पहिली गाडी तीच. आधी पुण्यात शोरूमला होतो. दसऱ्यालासुद्धा सुट्टी द्यायचे नाहीत मेले.”

“जीप खोलली होतीस?”

“बॉडी उचलून बाजूला ठेवली होती. चासीला पण रंग द्यायचा होता ना.”

“म्हणजे गिअरबॉक्स उघड्यावर होता. तेव्हा कोण आलं होतं इथं?”

सम्राटनं कंप्रेसरकडं बघितलं. कंप्रेसर बंद होता.

“क्लबवाले येत-जात असतात, मॅडम. त्यांच्यामुळंच धंदा आहे माझा. मी रंग बघतो. रंगाखाली काय आहे ते बघत नाही.”

खोटं तो बोलला नव्हता. खरं थोडं कमी मापून दिलं होतं. इरावतीबाई उठल्या.

“पोरा, रंगाखालच्यानं माझी भाची दरीत जात होती. रात्री झोप लागली तर मला कळव.”

४

सकाळी त्या पुन्हा उद्यमनगरात गेल्या. आकारामचं शटर अर्धं ओढलेलं. शेजारचा लेथवाला जोतीराम दारात चहा पीत होता.

“मिस्त्री न्हाय आला. आता कशाला येईल? त्या सेक्रेटरीनं समद्यांच्या फोनवर टाकलंय की, आकाराम चोर हाय म्हून.”

“जोतीराम, तो म्हणाला औंदा खंडेनवमी झाली नाही. म्हणजे काय?”

जोतीरामनं कप खाली ठेवला.

“त्याची आई गेली की! चिमणाबाई. ऐन नवरात्रात, पाचव्या माळंला. सुतकात कसली पूजा? तेरावं होईस्तोवर शटर बंद. ह्या रांगेत त्याचंच गॅरेज तेवढं बिन तोरणाचं राहिलं. म्हातारी दरसाली सोता येऊन पान्या-पान्याला कुंकू लावायची, म्हून तर जास्त लागलं त्याला.”

इरावतीबाईंच्या कानात ‘कॅलेंडर फाटलं?’ पुन्हा वाजलं आणि डोक्यात सणक गेली. आई गेलेल्या माणसाला, त्याच्याच गॅरेजात उभं राहून! आणि त्यावर दोघं हसले होते! गबाळा म्हणून मांडलेली ती नोंद त्यांनी तिथंच खोडली. खोडताना स्वतःलाही दोन शब्द सुनावले.

मग त्यांनी रागाला बाजूला बसवलं आणि हिशेब धरला. टिळा खंडेनवमीचा. त्या दिवशी आकारामकडं पूजा नव्हती. बाळासोचा गिअरबॉक्स त्याच्या जीपमध्ये बंदिस्त होता. सम्राट पुण्यात घाम गाळत होता. तिघांपैकी एकाचाही तो टिळा नाही. म्हणजे चौथं घर. असं घर, जिथं दसऱ्याला एक गिअरबॉक्स उघडा होता आणि पूजा करणारं माणूस हौशी होतं.

लक्ष्मीपुरीतल्या धान्याच्या व्यापाऱ्यानं पुडीतला दाणा तळहातावर घेतला. जिऱ्याएवढा, आखूड, पण अख्खा.

“घनसाळ. आजऱ्याचा. कुठं मिळाला?”

“अक्षतांमध्ये.”

“चेष्टा करता काय? अक्षतांना लोक जाडाभरडा घेतात. घनसाळ खायला परवडंना, देवावर कोण उधळतंय?”

इरावतीबाईंनी पुडी मिटली. कोण उधळतंय ते त्यांना आठवलं होतं. त्या घरी त्या पोटभर जेवल्या होत्या. वाफाळलेल्या भाताचा वास अंगणापर्यंत यायचा.

५

शालूबाई म्हणजे अनुजाची मावशी. माहेर आजरा, आणि ते दर तिसऱ्या वाक्याला. त्यांनी इरावतीबाईंना बघताच काजूची वाटी पुढं केली.

“खा, माहेरचं आहे. मी परवाच जाऊन आलो.” कोल्हापुरी बायका आलो-गेलोच म्हणतात, शालूबाई ते जरा ठसक्यात म्हणायच्या. “श्रेयस घरी न्हाय हं. रॅलीच्या मागं हाय. आता जीप काय पळते म्हणून सांगू त्याची!”

“आधी पळत नव्हती?”

“कुठली! दसऱ्यात तर पोर्चमध्ये खोलून टाकलेली. गिअर काय, नट काय, दारात पाय ठेवायला जागा न्हाय. मी म्हटलं, असू दे, वाहन हाय, खंडेनवमीला समदं पुजायचं. चौरंग मांडला, त्यावर त्यो जडशीळ गिअरबॉक्स ठेवायला लावला आणि साग्रसंगीत पूजा केली.”

“कुंकू कुठं लावलंत?”

“तोंडात!” शालूबाई हसल्या. “बाहेरनं सगळं ग्रीस. देवाचं कुंकू काय ग्रीसवर लावायचं? आत तेवढं कोरडं हुतं. हळद लावली, कुंकू लावलं, घनसाळाच्या अक्षता.”

“घनसाळाच्या?”

“मग? देवाला काय रेशनचा वाहू?”

इरावतीबाईंच्या तोंडातला काजू गोड लागेना. ह्या बाईच्या नावे काहीच नव्हतं आणि फटका मात्र तिलाच बसणार होता. क्षणभर त्यांना वाटलं, उठावं आणि जावं. पण रेडकू गेलेली ती बाई एक शब्द बोलली नव्हती, आणि आकाराम फडकं टाकून आत गेला होता. न बोलणाऱ्यांच्या वतीनं कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

“शालूताई, रविवारी माझ्याबरोबर उद्यमनगरात याल? कुंकवाचा करंडा घेऊन या. एका घरची पूजा राहिलीय.”

६

रविवारी गॅरेजसमोर जीपांची रांग लागली. आकारामला जोतीरामनं दंडाला धरून आणलं होतं. श्रेयस स्वतःच्या जीपच्या बॉनेटला टेकून उभा होता. इरावतीबाईंबरोबर आपली आई उतरताना बघून तो सरळ झाला.

“आई, तू कशाला इथं?”

“मीच बोलावलं,” इरावतीबाई म्हणाल्या. “ठरावाच्या आधी माझे दोन शब्द ऐका. टिळ्यावरून तुम्ही मिस्त्रीला चोर ठरवलंत. ह्याची आई नवरात्रात गेली. सुतकात ह्याच्या घरी पूजा झाली नाही. ‘कॅलेंडर फाटलं’ ऐकून त्या दिवशी जे दोघं हसलात, ते आज हसा.”

कुणी हसलं नाही.

“ज्यानं हा जुना गिअरबॉक्स धुऊन अनुजाच्या जीपला बसवला, त्या फिटरनं खूण राहू नये म्हणून घासून घासून घासला. पण पूजेचा टिळा पुसायला त्याचा हात धजला नाही. कोल्हापुरातला माणूस आहे. चोरी करील, टिळा पुसणार नाही. आणि ज्यानं हे करवून घेतलं, त्यानं तोंडात डोकावून बघितलंही नसेल, कारण आपल्या आईनं पूजा कुठं केली ते बघायला तो कधी थांबलाच नव्हता. शालूताई, जरा आत बघता?”

शालूबाईंनी चष्मा नीट केला. बॅटरीच्या उजेडात वाकून बघितलं. उठल्या तेव्हा चेहऱ्यावरचा आजऱ्याचा ठसका पार गेला होता.

“ह्यो माझा घनसाळ,” त्या म्हणाल्या. “ही माझी पूजा. ह्यो आपल्या पोर्चमधला गिअरबॉक्स. हिच्या गाडीत कसा आला, श्रेयस?”

“आई, घनसाळ काय कुणीही—”

“मॅडम, मला झोप लागली नाही.” मागून सम्राट पुढं आला. “श्रेयसदादा स्वतःचा फिटर आणि टेंपो घेऊन आले होते. म्हणाले, अनुजाताईंना सांगितलंय, मिस्त्रीचं काम तपासायला नेतोय. दुसऱ्या दिवशी आणून बसवला. रंग मारलेला होता, पण तो तोच नव्हता हे मला कळलं होतं. मी गप्प बसलो.”

सगळ्या माना श्रेयसकडं वळल्या. तो लाल झाला, मग सुटलाच.

“बरं, घेतला! शेवटचा सेट होता कोल्हापुरात! मला रॅली आहे, क्लबचं नाव आहे. हिला काय करायचाय? हिला म्हशींकडंच तर जायचं असतंय!”

अनुजा आतापर्यंत भिंतीला टेकून होती. ती चालत त्याच्यासमोर आली.

“व्हय, म्हशींकडंच,” ती हळू आवाजात म्हणाली. “ती म्हैस तीन दिवस रेडकू हुडकत होती, दादा. तू रॅलीत पहिला आलास की तिला जाऊन सांग.”

ज्या रांगेला श्रेयसनं ठरावासाठी बोलावलं होतं, तिच्यातलं एक इंजिन चालू झालं, मग दुसरं. एकेक जीप रांगेतून बाहेर पडली. क्लबातला सगळ्यांत वडीलधारा माणूस निघताना आकारामजवळ थांबला.

“मिस्त्री, माझ्या जीपचा क्लच सरकतोय. उद्या आणू?”

“आणा की. पर आदी डॉक्टरीणबाईंची हुईल, मग नंबर.”

“चावी दे,” शालूबाई लेकाला म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भयंकर होता. चावी त्यांनी आकारामच्या हातात ठेवली. “मिस्त्री, खोला ह्याची गाडी. जिचं हाय तिला द्या. ह्याचं ह्याला परत करा. बसवून न्हवं, पोत्यात घालून.”

दुपार टळेपर्यंत खरा गिअरबॉक्स टेबलावर आला. आकारामनं झाकण उघडलं. नवे दाते तेलात चमकत होते. त्यानं तळव्यानं एकदा चाक फिरवलं आणि म्हणाला, “हां. ह्यो आपला.”

श्रेयस कोपऱ्यात उभा होता. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं.

“राहू द्या, दादा,” आकाराम वर न बघता म्हणाला. “तुमी मला चोर म्हणला ते मी सोसलं असतं. आईचं हसला, ते न्हाय सोसवत. ह्या गॅरेजात तुमची जीप नगं.”

शालूबाईंनी करंडा उघडला. आधी आकारामच्या पान्यांना, मग व्हाइसला, मग कंप्रेसरला बोट लावत त्या गेल्या. जसं कुणी म्हातारी दरसाल करत होती तसं. शेवटी गिअरबॉक्सपाशी आल्या. अनुजानं बॅटरी पुढं केली, तोंडात उजेड पडावा म्हणून.

“नगं,” त्या म्हणाल्या. “आता आत न्हाय लावत.”

आणि सगळ्या ग्रीसवरून, चांगलं ठसठशीत, त्यांनी बाहेरून कुंकू लावलं.

“दिसू दे सगळ्यास्नी.”